चावी फिरवणारी नवसाबाई

नवसाबाईला कुणी विचारलं, "मावशी, तुम्ही काम काय करता?" तर ती सरळ सांगायची, "मी चावी फिरवते." विचारणारा हसायचा. त्याला वाटायचं, बाई चेष्टा करतेय. खुलासा करत बसायच्या भानगडीत ती पडत नसे. पण तिनं सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. नव्वदनंतरच्या त्या दहा-बारा वर्षांत नाशिकच्या आसपास जी जुनी खोदाईची मशीनं, रोलर, डंपर सुरू व्हायचं नाव घेत नव्हती, त्यातल्या कितीतरी मशीनांच्या सीटवर बसून नवसाबाईनं चावी फिरवली होती. खाली मशीनच्या पोटाशी तिचा नवरा सावळीराम एक बल्ब आणि दोन वायरी घेऊन बसलेला असायचा. तो ओरडायचा, "मार!" की ती चावी फिरवायची. तो ओरडायचा, "सोड!" की ती सोडायची. एवढंच काम. पण ते दुसऱ्या कुणाला करू द्यायला ती तयार नव्हती, आणि त्यामागे तसंच कारण होतं.

तिचं माहेर मखमलाबादचं, माळ्याचं. शेवंती, झेंडू, गलांडा यांच्यातच ती वाढलेली. लग्न होऊन आली तीही भाजीपाला पिकवणाऱ्या घरात, पण सावळीरामचं चित्त कोथिंबिरीच्या वाफ्यात कधी रमलंच नाही. विहिरीवरची मोटर बिघडली की हा जेवण सोडून तिच्यापाशी जाऊन बसायचा. शेवटी त्याच्या बापानं कपाळाला हात लावला आणि नाशिकातच द्वारका चौकात हायवेच्या कडेला त्याला एक पत्र्याची टपरी घालून दिली. टपरीवर पाटी होती, 'सेल्फ-डायनामो रिपेरिंग'. इंजिनाला पहिला धक्का देणाऱ्या मोटरीला आपल्याकडे सगळे सेल्फच म्हणतात. त्या टपरीच्या बाजूलाच नवसाबाई फुलांची पाटी घेऊन बसायची. ट्रकवाले तिच्याकडून हार घ्यायचे आणि त्याच्याकडून सेल्फ दुरुस्त करून घ्यायचे. दिवसभर दोघं हातभर अंतरावर असायची, पण बोलणं चहापुरतं. सावळीराम मुळातच कमी बोलणारा. बायकोशी गोड बोलणं वगैरे तर त्याच्या गावीही नव्हतं.

मग एक दिवस एका डंपरच्या ड्रायव्हरनं घाई केली. सावळीरामचा हात इंजिनात, आणि या शहाण्यानं वर बसल्या बसल्या "बघू तरी" म्हणत चावी फिरवली. इंजिन नेमकं तेव्हाच सुरू झालं. डाव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे पंख्याच्या पट्ट्यात गेले. दवाखान्यात सावळीराम म्हणाला, "नशीब माझं." नवसाबाई रडत नव्हती, चिडलेली होती. ती म्हणाली, "नशीब कशाचं आलंय? चावी भलत्याच्या हातात व्हती. आता इथून पुढं चावी माझ्याकडं राहील."

सावळीरामला वाटलं, बोलतेय रागात, चार दिवसांत विसरेल. पण पट्टी सुटून तो पहिल्या कामाला निघाला, तर ही फुलांची पाटी नणंदेच्या हवाली करून लुनावर मागे बसायला तयार. काम सातपूरला होतं, एक रोलर अडून बसला होता. तिथली पोरं बाईला चढताना बघून फिदीफिदी हसायला लागली. त्यांचा मुकादम म्हणाला, "बाईमाणूस चढलं की मशीन रुसतं, मावशी."

"आधीच रुसलंय की," नवसाबाई म्हणाली. "आता आणखी काय रुसणार?"

तिनं चपला खाली काढून ठेवल्या, पायरीला हात लावून नमस्कार केला आणि जाऊन बसली. तेव्हापासून तिची रीतच ठरून गेली. चावी फिरवायची ती नवऱ्याचा आवाज आल्यावर. त्याचा हात आत असेल तेव्हा चावी काढून पदराच्या गाठीत बांधायची. मालक येवो, इंजिनियर येवो, ती गाठ सुटत नसे. एकदा त्र्यंबकेश्वरच्या एका मोठ्या ठेकेदारानं फार डोळे वटारले, तर ही सीटवर मांडी घालून बसली आणि वाती वळायला लागली. वातींचा कापूस ती कायम जवळ बाळगायची. ठेकेदारच कंटाळून निघून गेला.

बसून बसून तिचे कान तयार झाले. चावी फिरवल्यावर मशीन काय म्हणतं त्यावर पुढचं सगळं असतं. काहीच आवाज नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोचलीच नाही, मधे कुठंतरी वायर तुटली आहे. टकटकटक असं पाखरासारखं वाजलं तर बॅटरीत जीव नाही. एकच टक् होऊन गप्प झालं तर सेल्फच आतून गेलेला, नाहीतर त्याला पुरेशी वीज मिळत नाही. आणि म्हाताऱ्या माणसानं उठताना करावं तसं गुर्र करत अर्धवट फिरून थांबलं, तर बहुतेक वेळा कुठला तरी सांधा ढिला. जुन्या मशीनांचं तर विचारूच नका. कुणी हैदराबादहून आणलेलं, कुणी गुजरातेतून, आणि आधीच्या प्रत्येक मालकानं आपापल्या अकलेनं वायरी जोडून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. सावळीरामचं म्हणणं असायचं, आधी सामान बदलायचं नाही. आधी बघायचं, वीज जाते कुठं आणि अडते कुठं. बल्बची एक वायर इथं, दुसरी तिथं, आणि वरून बायकोनं चावी मारायची. बल्ब पेटला की नाही, यावर तो पुढं सरकायचा.

या कामापायी दोघं कुठं कुठं हिंडली. इगतपुरीचा घाट, पेठकडचे डोंगर, मनमाडच्या रेल्वे रुळांलगतची कामं. दुपारी मशीनच्या सावलीत फडकं पसरून भाकरी सोडायची. तो म्हणायचा, "मिरची दे." ती द्यायची. याहून जास्त संभाषण क्वचितच व्हायचं. पण लुनावर मागे बसून जाताना नवसाबाईला आतून फार बरं वाटायचं. तिच्या बहिणींचं जग घर, मळा आणि गोदाकाठचा फुलबाजार, इथं संपलं होतं. ही मात्र नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून आख्खा जिल्हा बघत होती. हे सुख तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायची लाज वाटायची.

सगळं असं बरं चाललेलं असताना सावळीरामचे कान जायला लागले.

आयुष्य डिझेल इंजिनांच्या शेजारी गेलेलं, दुसरं काय होणार? सुरुवातीला ती हाक मारायची आणि तो उशिरा वळायचा. तिला वाटलं, तंद्री लागते. मग तो खालून विचारायला लागला, "वाजलं का गं?" आधी तो असं कधीच विचारत नसे. एकदा सेल्फ चांगला खणखणीत वाजला तरी त्यानं विचारलं, आणि नवसाबाईला कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं नवीन सुरू केलं. टक् झालं की ती अनवाणी टाच मशीनच्या पत्र्यावर एकदा आपटायची. गुर्र झालं तर दोनदा. त्याचा हात बॉडीवर असायचा, त्याला हादरा लागायचा. त्यानंही कधी विचारलं नाही की बाई, हे काय चालवलंयस? विचारणं बंद करून तो निमूट पुढच्या कामाला लागायचा.

मुलगी शुभांगी मनमाडला दिलेली. बापाला ती दादा म्हणायची. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "आई, दादांना डॉक्टरकडं ने ना." सावळीरामला विचारलं तर तो असा काही बिथरला की दोन दिवस ताटावर कुणाशी बोलला नाही. मग शुभांगीनंही नाद सोडला.

नवसाबाईची मात्र झोप उडाली. ज्याला ऐकू येत नाही त्यानं मशीनच्या पोटात हात घालायचा म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एक दिवस उरलेली बोटंही जातील. बोटं कशाला, माणूसच जाईल. थांबवायचं तर तिच्या हातात होतं. 'आजपासून मी चावी फिरवणार नाही' एवढं म्हटलं की झालं, दुसऱ्या कुणावर त्याचा विश्वास नव्हता. पण हे काम सुटलं तर तो जगणार कशावर? दिवसभर ओट्यावर बसून लोकांचे हलणारे ओठ बघत बसेल. आपला नवरा मानी आहे, तो झुरून जाईल, असं तिला वाटायचं. त्याचे हात वाचवावेत की त्याचा जीव रमतो ती जागा वाचवावी, हे तिला ठरवता येईना. रोज सकाळी ती ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज लुनावर मागे बसायची.

पुढं सिंहस्थ जवळ आला. दोन हजार तीन साल. नाशिक-त्र्यंबकचे रस्ते, घाट, सगळीकडे खोदाई सुरू झाली आणि ज्याच्या त्याच्या अंगात मशीन घ्यायचं वारं आलं. आडगावचे धोंडीराम हे त्यातलेच एक. चांगले द्राक्षबागाईतदार माणूस, त्यांनीही एक जुनं खोदाईचं मशीन घेतलं. घरी आणलं, रंगवलं, पूजा केली, आणि पूजेनंतर ते सुरूच होईना. चावी फिरवली की गुर्र करून गप्प. त्यांनी मिस्तरी आणले, नवी बॅटरी टाकली. सेल्फ काढून त्यात नवी तार भरून आणली. तरी तेच. त्र्यंबक रस्त्याचं काम त्यांना मिळालं होतं आणि मशीन अंगणात हार घालून उभं. शेवटी ते द्वारकेला सावळीरामच्या टपरीवर आले.

दोघं सकाळी आडगावला पोचली. मशीन नवरीसारखं नटलेलं होतं. झेंडूचा हार, लिंबू-मिरची, पुढच्या फावड्यावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि रंग असा पिवळाजर्द की डोळे दिपावेत. धोंडीरामांची बायको सिंधुबाई कौतुकानं म्हणाली, "माझ्या हातानं धुतलंय मी. लय मळकं आणलं व्हतं ह्यांनी. एक तार नाय सोडली, समदं घासून काढलं."

मशीनवर एक ऑपरेटर ठेवला होता, गोरक्ष नावाचा, वीस-बावीस वर्षांचा. अंगात नुसता उत्साह. दिवसभर बसून पगार खातोय याची त्याला लाज वाटत असावी.

नवसाबाईनं चपला काढल्या, वर चढली. सावळीरामनं दिवे लावायला सांगितले आणि मग म्हणाला, "मार." तिनं चावी फिरवली. गुर्र झालं, थांबलं. तिनं टाच दोनदा आपटली. दिवे जराही मंद झाले नाहीत, म्हणजे बॅटरी ठणठणीत. सावळीरामनं बॅटरीचे सांधे पाहिले, सेल्फकडं जाणारी जाड वायर पाहिली. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली अर्थची पट्टी असते, जिच्यातून वीज बॅटरीकडं परत येते, तिच्यावरही नजर टाकली. ती तर सोन्यासारखी लखलखत होती. तिच्यात काय बघायचं म्हणून तो पुढं गेला. मग त्यानं खुणेनं सांगितलं, चावी काढ, आणि डावा हात पंख्याच्या पट्ट्यामागं घालून आतली वायर चाचपायला लागला. नवसाबाईनं चावी काढून पदरात गाठ मारली.

चावी तिच्यापाशी होती, म्हणून ती निर्धास्त होती. पण चावीशिवायही सेल्फ फिरवता येतो, हे गोरक्षला माहीत होतं. सेल्फच्या दोन खिळ्यांवर पाना आडवा टेकवला की झालं. पलीकडच्या बाजूला वाकून तो म्हणाला, "मामा, हात काढा, डायरेक्ट देऊन बघतो!" चांगलं मोठ्यानं म्हणाला. अंगणातल्या कोंबड्यांनीसुद्धा ऐकलं असेल. कुणीही हात काढला असता.

सावळीरामनं काढला नाही.

ठिणग्या उडाल्या, इंजिनानं एक हिसका दिला आणि गुर्र करून थांबलं. तेवढ्यात सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली होती, कोपरापर्यंत ताणली गेली होती. नवसाबाई किंचाळली, टाचा आपटल्या, पण झालं ते होऊन गेलं होतं. ती खाली कशी आली ते तिचं तिला कळलं नाही. धोंडीरामांनी कोयत्यानं बाही कापली. हात बाहेर आला. मनगटावर खरचटलं होतं, बोटं होती तेवढी शाबूत होती. ती तिनं एकेक करून चाचपली.

गोरक्षचा चेहरा पांढराफटक पडला. "मी म्हनलो व्हतो... मावशी, आईशप्पथ, मी हात काढा म्हनलो व्हतो..."

"म्हनलास रे बाबा. तुझी चूक नाय." ती सावळीरामकडं वळली. त्याची हनुवटी धरून त्याचा चेहरा तिनं आपल्याकडं केला. चार लोकांत नवऱ्याच्या तोंडाला तिनं कधी हात लावला नव्हता. "आवं, तुम्हाला ऐकू येत नाय," ती म्हणाली. "तुम्ही आता खाली जायचं नाय."

त्याला ऐकू आलं की ओठांवरून कळलं, कोण जाणे. पण कळलं. धोंडीराम उगाचच जमिनीकडं बघायला लागले. सावळीरामनं फाटकी बाही मनगटाभोवती गुंडाळली आणि जाऊन द्राक्षाच्या मांडवाच्या कडेला पाठ करून बसला. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं आपणच चव्हाट्यावर मांडलं, असं नवसाबाईला झालं. जावं आणि त्याच्याजवळ बसावं असं वाटत होतं. पण जाऊन सांगणार काय? मागं घ्यावं असं तिनं काहीच बोललेलं नव्हतं.

मग तिनं खाली पडलेला बल्ब उचलला. पदर खोचला आणि मशीनच्या बाजूला उकिडवी बसली. वरून तिनं हजारदा पाहिलं होतं. बल्बच्या वायरीचा एक चिमटा बॅटरीच्या खिळ्याला, दुसरा इंजिनाच्या अंगाला. तिनं दुसरा चिमटा लावला तो नेमका जाड रंगावर. आता रंगातून वीज कशी जाणार? पण ते तिला कोण सांगणार?

सावळीराम मान वळवून बघत होता. आधी त्यानं दुर्लक्ष केलं. मग त्याला राहवेना. आयुष्यभर ज्या माणसानं चुकीच्या जागी लावलेला चिमटा सहन केला नाही, त्याला बायकोचा तरी कसा सहन व्हावा? तो उठून आला. नवसाबाईला वाटलं, आता हिसकावून घेणार. पण त्यानं खिशातला चाकू काढला, इंजिनावर बोटाएवढी जागा खरवडून लोखंड उघडं केलं, आणि तिचा हात धरून चिमटा तिथं लावून दिला. मग तळहात पुढं केला.

"चावी," तो म्हणाला.

नवसाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्या गाठीतली चावी तिनं कुणाच्या हातात दिली नव्हती, त्याच्याही नाही. तिनं गाठ सोडली आणि चावी त्याच्या हातावर ठेवली. सावळीराम वर चढला. सीटवर बसला तेव्हा जरा अवघडल्यासारखा दिसला, सासुरवाडीला पहिल्यांदा पाटावर बसलेल्या जावयासारखा. वरून त्याला तिचा हात नीट दिसत होता. तिनं हात वर केला तर मारायची, खाली केला तर सोडायची. असं ठरवायला शब्द लागलेच नाहीत.

तिनं हात वर केला. गुर्र झालं, आणि तिच्यासमोरचा बल्ब पेटला. चांगला लख्ख पेटला. तिनं वर बघून बल्ब हलवून दाखवला. आणि त्याच वेळी सावळीरामनं हाताशी असलेल्या, इंजिनाला रेस द्यायच्या लोखंडी केबलीवरून झटकन हात उचलला. केबल तापली होती. त्याच्या डोळ्यांत एकदम ती जुनी चमक आली. खाली तिचा बल्ब पेटला, वर केबल तापली. म्हणजे विजेला इंजिनातून परत यायची नेहमीची वाट बंद होती, म्हणून ती मिळेल त्या वाटेनं पळत होती.

"अर्थ!" तो वरून ओरडला. "अर्थची पट्टी बघ!"

नवसाबाईनं ती लखलखती पट्टी पाहिली. जवळून पाहिली. सावळीरामला ती नुसती स्वच्छ दिसली होती, पण नवसाबाईनं देवघरातले तांबे घासण्यात जन्म घालवला होता. ही चमक तिच्या ओळखीची होती.

"सिंधुताई, ही चिंचेनं घासलीये व्हय?"

सिंधुबाईचा चेहरा खुलला. "चिंच-मिठानं. पाऽर हिरवी पडली व्हती हो. पेंटरनं काढून ठेवलेली, म्हनलं हंड्यासंगं हीबी घासून टाकू. पूजेचं मशीन, तांबं काळं कसं ठेवायचं? रंग दिल्यावर मग त्यानं बशिवली."

पाना लावून पट्टी सोडवली. खाली पिवळ्या रंगाचा जाड थर. तांबं आरशासारखं आणि त्याच्याखाली रंगाची भिंत. लखलखतेय म्हणून एकाही मिस्तरीनं तिला हात लावला नव्हता. सावळीराम वरूनच बोटानं घासायची खूण करत राहिला, आणि नवसाबाईनं कानशीनं दोन्हीकडचा रंग खरवडून काढला, पट्टी आवळली, बाजूला झाली, सगळ्यांना लांब केलं, गोरक्षला तर दंडाला धरून आपल्याजवळ उभं केलं. मग हात वर केला.

मशीन एका झटक्यात सुरू झालं. काळा धूर निघाला, हारातली फुलं गळून पडली, कोंबड्या पळाल्या. सावळीरामला आवाज किती आला ठाऊक नाही, पण सीट हादरत होती आणि तो दोन्ही हात मांडीवर ठेवून हसत होता.

सिंधुबाई मात्र तोंडाला पदर लावून उभी होती. "माझ्यामुळं झालं गं बाई समदं. मलाच अवदसा आठवली."

नवसाबाई तिची समजूत घालायला वळली आणि मधेच थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी उजेड पडला. मघाशी गोरक्षनं पाना टेकवला तेव्हा ती पट्टी नीट बसलेली असती, तर इंजिन असंच एका झटक्यात सुरू झालं असतं. आत सावळीरामचा हात होता. तिनं सिंधुबाईचे दोन्ही हात घेतले, चिंच-मिठानं चिरा पडलेले, आणि आपल्या डोळ्यांना लावले. सिंधुबाईला काही उमगलं नाही. "आवं ताई, ह्ये काय करताय?" म्हणत ती हात सोडवून घ्यायला लागली.

परतीच्या वाटेवर आडगाव नाक्याच्या हॉटेलापाशी सावळीरामनं लुना थांबवली. हे नवीन होतं. एरवी चहा घरीच. हॉटेलात ट्रक ड्रायव्हरांची गर्दी होती. दोघं कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसली. फाटक्या बाहीचा हात त्यानं टेबलाखाली लपवला होता. नवसाबाई मनात शब्द जुळवत होती. कसं सांगावं, की बंद करा हा धंदा, आता घरी बसा, मी आहे. सांगितल्यावर हा माणूस कोलमडेल, याचीच तिला धास्ती होती. तिनं तोंड उघडायच्या आधीच तो टेबलावर पुढं झुकला. अगदी जवळ आला, गुपित सांगावं तसा. आणि स्वतःला कळेल एवढ्या आवाजात, म्हणजे आख्ख्या हॉटेलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायला लागला.

"मला ठावं व्हतं ऐकू येत नाय ते! लय दिवसांचं ठावं व्हतं! पर तुला नाय सांगितलं! सांगितलं आसतं तर तू म्हनली आसती, बंद करा धंदा! मंग तू तुझ्या फुलांच्या पाटीवर, मी वट्यावर! दिसभर तुझ्यासंगं हिंडायला कुठून मिळालं आसतं मला?"

हॉटेलातला कपबशांचा आवाज थांबला. शेजारच्या टेबलावरचा सरदारजी घास हातात धरून बघत राहिला. गल्ल्यावरच्या माणसानं रेडिओ बारीक केला. नवसाबाईचं तोंड कानापर्यंत लाल झालं. हळू बोला, लोक बघतायत, असं सांगायला तिचा हात उठलाही होता. पण सावळीराम तिच्याकडं बघत होता, आपण फक्त हिलाच सांगितलं अशा समाधानात. एकदा का याला कळलं की सगळ्यांनी ऐकलं, तर हा जन्मात पुन्हा असं बोलणार नाही.

तिनं हात खाली घेतला. सगळ्या हॉटेलाकडं पाठ केली, आणि त्याला ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाली, "आणखी बोला."